रक्ताला रीत कळत नाही

"तुझं रक्त काही वेगळंच सांगतंय गं," सिस्टर त्सिगेरेदा फोनवर म्हणाली, आणि मर्कातो बाजारातल्या दोऱ्यांच्या गल्लीत, हिरव्या रिळांच्या ढिगासमोर उभ्या असलेल्या येशिहारेगला क्षणभर कळेना, की कुणाचं रक्त आणि ते कुणाला काय सांगतंय. मागून एक हमाल डोक्यावर गाद्यांची चळत घेऊन "बाजू, बाजू" ओरडत आला, तशी ती दुकानाच्या फळीला चिकटली. "डॉक्टर म्हणतात आजच ये. आणि काहीतरी खाऊन ये. उपासाचे दिवस आहेत ते मलाही ठाऊक आहे, तरी खाऊन ये," एवढं बोलून सिस्टरनं फोन ठेवलाही. दुकानदार दोन रिळं पुढे धरून उभा होता, एक कोवळ्या पानाचं हिरवं आणि एक जून पानाचं, आणि एरवी अशा दोन हिरव्यांवरून त्या माणसाचं डोकं पिकवणारी ही बाई आज म्हणाली, "द्या कुठलंही." दुकानदारानं भुवया उंचावल्या. "काय झालं, ताई? बऱ्या आहात ना?" "देवाची कृपा," ती म्हणाली. तोंडातून ते आपसूक निघालं, आणि निघाल्यावर पहिल्यांदाच तिला स्वतःचं उत्तर ऐकू आलं, शेजारच्या खोलीत कुणीतरी बोलल्यासारखं.

"बरी आहेस ना?" याला अदिस अबाबात एकच उत्तर असतं. घर जळालेलं असो, गाय मेलेली असो, कालच कुणाला पुरून आलेले असोत, आधी देवाचे आभार मानायचे आणि मग बाकीचं बोलायचं. बाकीचं बहुतेकदा राहूनच जातं. बरं, प्रश्नही एकटा येत नाही. रात्र बरी गेली ना, पोरं बरी ना, काम बरं ना, तब्येत बरी ना, अशी रांगच लागते, आणि प्रत्येकाला तेच उत्तर द्यायचं असतं, माळेचे मणी ओढावेत तसं. येशिहारेग यात कुणाला हार जाणारी नव्हती. मंगळवारी इस्पितळात तिनं हेच केलं होतं. सिस्टर त्सिगेरेदा म्हणाली होती, "आम्ही एक शिकतोय बघ. या तुझ्या दुखण्यात कुणाचं हलक्यावर गेलंय नि कुणाचं भारी पडलंय, ते रक्तावरून कळतं का, एवढंच. देशील का थोडं?" तिनं हात पुढे केला. नळीत उतरणारं ते काळपट लाल ती बघत राहिली. सिस्टरनं नळीला बूच लावलं, ती दोन-चारदा हळूच आडवी-उभी केली, निजलेलं मूल कुशीवर वळवावं तशी, आणि मग कागद घेऊन प्रश्न विचारायला बसली. एका आडव्या रेघेवर बोट ठेवायचं होतं. या टोकाला अगदी छान, त्या टोकाला सोसवत नाही इतकं वाईट. येशिहारेगनं असं ठिकाण निवडलं की देवालाही वाईट वाटू नये आणि सिस्टरलाही. सांधे दुखतात? देवाची कृपा. ताप? थोडासा, देवाची कृपा. मग डोळे मिटायला लावून सिस्टरनं नायलॉनचा धागा तिच्या बोटांना ठिकठिकाणी लावला आणि म्हणाली, "लागला की हो म्हण." करंगळीला काही लागतच नव्हतं. पण सिस्टरच्या बाहीचा वारा मनगटावर येत होता, आणि वारा आला की ती "हो" म्हणत होती. शाळेतली पोरगी शेजारणीच्या पाटीत डोकावते, त्यातलाच प्रकार. सिस्टर खूश झाली होती. ती खूश झाली म्हणून येशिहारेगलाही बरं वाटलं होतं. आणि आता तेच रक्त, तिच्याच अंगातलं, तिच्याच चुलीवर शिजलेल्या वाटाण्याच्या आमटीवर वाढलेलं, कुणाच्या तरी यंत्रापुढे जाऊन सगळं ओकून मोकळं झालं होतं. घरचा भेदी म्हणतात तो हाच.

मिनीबसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. उजवं कोपर खिडकीच्या कडेला लागलं आणि वीज सरकन करंगळीपर्यंत गेली. तिनं कोपर उचलून मांडीवर घेतलं, त्यावर शाल ओढली. शालीखाली लांब बाह्या होत्या आणि बाह्यांखाली त्या गाठी, लाल, गरम, मसुराएवढ्या काही आणि काही बोराएवढ्या, ज्यांची एक लाट ओसरते तोवर दुसरी येत होती. वर्षभर गोळ्या खाऊन रोग बरा झाला होता. इस्पितळाच्या कागदावर कुष्ठरोग लिहिलेलं असे, लोक त्याला मांसाचा रोग म्हणतात. जुनं नाव आणखी वाईट आहे, ते ती मनातसुद्धा घेत नसे. रोग बरा झाल्यावर गाठी येऊ लागल्या, तेव्हा डॉक्टर हब्तामु, तिच्या धाकट्या भावाच्या वयाचा पोरगाच, तिला समजावत म्हणाला होता, "जंतू मेलेत. पण त्यांची मढी अंगात पडून आहेत आणि तुमचं शरीर त्या मढ्यांशी भांडतंय." हे तिला चटकन पटलं. तिची चुलत सासू शेजारणीशी कुंपणावरून भांडायची. शेजारीण मेली, तिची मुलं घर विकून गेली, तरी ही रोज सकाळी कुंपणापाशी उभी राहून हिशेब चुकता करायचीच. शरीरं काय, माणसांसारखीच असतात. फक्त हे भांडण आता गाठींवर थांबलं नव्हतं. उपासाचे दिवस लागले त्या सुमारास सुई धरताना करंगळी बाकीच्या बोटांपासून दूर जायला लागली, रुसून माहेरी निघाल्यासारखी. मग तिच्या शेजारचं बोटही तिच्या नादी लागलं. येशिहारेगनं दोघांना दोऱ्यानं मधल्या बोटाशी बांधलं आणि भरतकाम चालू ठेवलं. फिकिर्ते घरात आली की दोरा सोडायची.

फिकिर्ते तिची एकुलती एक मुलगी. ईस्टर झालं की तिचं नहोमशी लग्न. पांढऱ्या सुती झग्याच्या गळ्यापासून खालच्या काठापर्यंत एक क्रूस उतरतो आणि क्रूसाभोवती वेली चढतात, आणि त्या वेली आईच भरणार हे मुलीच्या जन्माआधीपासून ठरलेलं होतं. येशिहारेग या नावाचा अर्थच हजार वेली असा. पोटासाठी तिनं दुसऱ्यांच्या मुलींच्या झग्यांवर इतक्या वेली चढवल्या होत्या, की स्वतःच्या मुलीच्या वेळी हात आपोआप चालेल असं तिनं धरूनच ठेवलं होतं. आता हात चालत नव्हता. कुणाला सांगावं तर झगा काढून घेतील, गोळ्या देतील. त्या गोळ्यांनी चेहरा भाकरीसारखा फुगतो हे तिनं इस्पितळाच्या बाकावर किती जणींचं पाहिलं होतं. फुगलेला चेहरा घेऊन मांडवात उभं राहायचं, आणि नवऱ्यामुलाची आत्या, जिला घारीची नजर आहे, ती बघणार आणि म्हणणार, कळलं. न सांगावं तर हात जाणार. हात जाणं म्हणजे काय ते येशिहारेगला कुणी समजावायची गरज नव्हती; ती तसल्याच हातांत वाढली होती.

आईचे हात. गोज्जामच्या डोंगरातून आई चालत या शहरात आली, तेव्हा बोटं नुसती वाकलेली होती म्हणे. येशिहारेगला आठवतात ती आखडलेली, पक्ष्याच्या पायासारखी मिटलेली. त्याच हातांनी आई मांडीवर टकळी फिरवून सूत कातायची आणि जेवताना इंजेराचा, त्या आंबवलेल्या मऊ धिरड्याचा, तुकडा आमटीत बुडवून बोटांच्या पेरांनी गोळा करून लेकीच्या तोंडात घालायची. दुसऱ्याच्या तोंडात आपल्या हातानं घास घालणं ही तिथली मायेची रीत. एक घास दिला तर वैर येतं म्हणतात, म्हणून दुसरा द्यावाच लागतो. आईचा दुसरा घास नेहमी हनुवटीवर सांडायचा आणि दोघी हसायच्या. पण बाहेरचं कुणी आईच्या हातचा घास घेत नसे. आईचा पाय कापला त्या दिवशी पाद्रीबाबा खाटेशी आले होते. "बरी आहेस ना?" त्यांनी विचारलं, आणि आई, तिच्या कपाळावरचा घाम अजून सुकला नव्हता, म्हणाली, "देवाची कृपा." ते गेल्यावर येशिहारेग चिडून म्हणाली होती, "खोटं का बोललीस?" आई म्हणाली, "खुळे, दुखणं सांगितलं की लोक दारातच थांबतात. देवाचं नाव घेतलं की आत येतात." हे वाक्य येशिहारेगनं आईच्या दागिन्यासारखं जपलं. दागिने दुसरे नव्हतेच. आईची लबाडी नव्हती ती, आईचं दार होतं. त्या दारातून पाद्रीबाबा आत आले, शेजारणी कॉफीला आल्या, शाळेच्या बाई आल्या. पण आत आलेल्या एकालाही आईचं काय दुखतं ते कधी कळलं नाही, हे मात्र येशिहारेगच्या मनात आज, या मिनीबसच्या खिडकीशी, पहिल्यांदा आलं आणि तिला एकदम आईची फार दया आली. रडूच आलं म्हणा ना. कंडक्टर पोरगा दारात लोंबकळत ओरडत होता. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि सहज, ठेच लागलेल्या कुणालाही म्हणतात तसं म्हणाला, "ऐझोश, माय." धीर धर, आम्ही आहोत, असं सगळं त्या एका शब्दात बसतं. पडलेल्या पोराला, ओझेवाल्याला, परीक्षेला निघालेल्याला, ज्याला त्याला तो शब्द मिळतो. तिनं घाईघाईनं डोळे पुसले. "धूळ गेली रे," ती म्हणाली. शब्द परत गेला. हेही तिच्या लक्षात आलं: जो बरा आहे त्याला ऐझोश कोण म्हणणार, आणि कशाला.

इस्पितळाच्या फाटकाबाहेर निलगिरीच्या वाळक्या पानांचा वास होता, लहानपणापासूनचा. सिस्टर त्सिगेरेदानं आधी तिला बाकावर बसवून स्वतःच्या डब्यातला शिरोचा, पिठल्यासारख्या कालवणाचा, घास खायला लावला आणि मगच आत नेलं. डॉक्टर हब्तामु उठून उभा राहिला. वयानं मोठ्या बाईसमोर बसून राहायचं नाही, तिच्या नावाआधी मानाचं वैझेरो लावायचं, एवढं त्याच्या आईनं शिकवलेलं दिसत होतं.

"या, वैझेरो येशिहारेग. बऱ्या आहात?"

"देवाची कृपा. तुम्ही बरे? घरी सगळी बरी?"

"देवाची कृपा," तो म्हणाला, आणि मग दोघंही थांबली, कारण तो हसायला लागला होता. "बघा, मलाही सुटत नाही. मंगळवारी तुम्ही असंच म्हणालात आणि आम्ही लिहून घेतलं. बाई ठीक, दुखणं हलकं."

"मग रक्तानं काय सांगितलं?" तिनं विचारलं. आवाज वरमलेला होता, पण त्यात थोडा रागही होता. चहाडखोराबद्दल असतो तसा.

"रक्तात पांढऱ्या पेशी असतात. भांडायला उतरल्या की त्या अंगावर एक खूण चढवतात. निशाणच म्हणा. शांत माणसाच्या रक्तात अशी निशाणं थोडी, दुखणं भारी असलं की पुष्कळ. तुमच्या रक्तात," त्यानं हात वर करून बोटं हलवली, "नुसती जत्रा आहे. आता हे अजून आमचं शिकणंच चाललंय हं. नुसत्या निशाणांवरून मी कुणाला औषध देत नाही, द्यायचं नसतं. पण तुमचं तोंड एक सांगतंय आणि रक्त दुसरं. दोघांतलं कोण खोटं बोलतंय ते विचारायला बोलावलं."

"रक्ताला रीत कळत नाही," येशिहारेग म्हणाली.

"नाही कळत," तो म्हणाला. "म्हणून तर त्याला विचारतो."

बाहेर बाकावर कुणीतरी खोकत होतं. तिच्या मनात आई येऊन उभी राहिली, आपल्या दारात, आखडलेल्या हातानं शाल सावरत, आणि वाट बघत राहिली, की ही पोरगी आता काय करते. येशिहारेगला वाटलं, मी बोलले तर हिला खोटं पाडल्यासारखं होईल. मग वाटलं, हिच्या रक्ताला कधी कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर तेही असंच बोललं असतं, पाद्रीबाबांच्या तोंडावर, रीत सोडून, आणि कदाचित पाय वाचला असता, बोटं वाचली असती, सूत कातायला नाहीतर नुसतं हनुवटीवर न सांडता घास भरवायला. रक्ताचा राग तिथेच कुठेतरी उतरला. उलट आपल्या अंगात आपल्यासाठी कुणीतरी ओरडतंय, एवढे दिवस ओरडतंय, याचं तिला नवल वाटलं. तिनं शाल काढली. बाही वर करताना गाठींवरून कापड खरडत गेलं, तेव्हा तिनं तोंडातून निघणारा आवाज गिळला नाही.

"दुखतंय," ती म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडात नवा होता, बसवलेल्या दातासारखा. म्हणून तिनं तो पुन्हा म्हणून बघितला. "फार दुखतंय, डॉक्टर. रात्री कुशीवर होता येत नाही. आणि ही करंगळी माझी राहिलेली नाही. मंगळवारी मी सिस्टरच्या बाहीच्या वाऱ्यावर हो म्हणत होते."

"अगं बाई!" दारातून सिस्टर त्सिगेरेदा म्हणाली. "आणि मी शाबासकी दिली हिला!"

डॉक्टरनं कोपराच्या आतल्या बाजूला अगदी हलकं बोट ठेवलं. शीर दोरीएवढी जाड झाली होती. त्यानं तिच्या बोटांत कागद धरायला दिला आणि ओढला, आणि करंगळीतून तो अलगद निघून आला, कुणी धरलाच नव्हता जणू. त्यानं विचारलं, कधीपासून. तिनं खरं सांगितलं. त्यानं बोटांवर आठवडे मोजले. मग तो म्हणाला, "वर्ष झालं असतं तर मी तुम्हाला दिलासा दिला नसता. हे ताजं आहे. ताजं गेलेलं बऱ्याचदा परत येतं. येईलच असं लिहून देत नाही, पण मी आशा धरून आहे, तुम्हीही धरा. गोळ्या आजपासून. हात गळ्यातल्या झोळीत, कोपर टेकवायचं नाही, सुई नाही. चेहरा गोल होईल."

"ईस्टरनंतर मुलीचं लग्न आहे."

"मग लोक म्हणतील, नवरीच्या आईनं उपासात बरंच चापलंय." ती हसली. हसताना तिला आत्याबाईंची घारीची नजर आठवली आणि ती नजर होती त्याहून बरीच लहान वाटली. तो पुढे म्हणाला, "थोड्या दिवसांनी पुन्हा रक्त घेऊ. निशाणं उतरलीत का बघू. आणि त्या दिवशी मी बऱ्या आहात का विचारलं, तर आधी थोडा विचार करा."

घरी आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. फिकिर्ते दाराशी निखाऱ्यांवर कॉफीचे दाणे भाजत होती आणि धुरातून तिनं मान वर न करताच नेहमीसारखं विचारलं, "आलीस, एमाये? बरी आहेस ना?" प्रश्न नव्हताच तो, दार उघडण्याचा आवाज होता. येशिहारेग उंबऱ्याशी थांबली. डॉक्टरपुढे सोपं होतं. तिथे रक्त आधीच बोलून बसलं होतं. इथे तिच्या आधी कुणी बोललेलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "दुखतंय."

तव्यावरचे दाणे तडतडत राहिले. फिकिर्तेनं मान वर केली, झोळीतला हात बघितला आणि तवा खाली ठेवला. रडेल असं येशिहारेगला वाटलं होतं, ती भडकली. "आज सांगतेस? डाव्या बाजूच्या वेली बघितल्यास का तू? पानं सगळी एका अंगाला कलंडलीत, वादळात सापडल्यासारखी. मला काय डोळे नाहीत? मी रोज विचारतेय, बरी आहेस ना, बरी आहेस ना, आणि तुझं आपलं देवाची कृपा, देवाची कृपा. देवही कंटाळला असेल."

"तू विचारत होतीस होय? मला वाटलं नमस्कार करतेस."

"दोन्ही करत होते!"

"आणि नहोम? त्याच्या घरी कळलं तर? ती आत्या..."

"नहोमला तुझ्या दुखण्याच्या पहिल्या वर्षीच सांगितलंय मी. तो काय तुझ्या शिरोची चव बघायला येतो इथे? तुझ्या कानाच्या सुजलेल्या पाळ्या उतरल्या का ते बघून मला सांगतो. आणि आत्याला तिच्या गुडघ्यांपुढे दुसरं काही दिसत नाही." मग आवाज खाली आला. "झगा मी पुरा करते. तू सांगशील तसे टाके घालते."

"तू? बटण लाव म्हटलं तर बोट शिवून घेतेस."

"मग माझं रक्त सांडेल झग्यावर. चालेल. आपल्या घरातलं रक्त तरी खरं बोलतं म्हणे," फिकिर्ते म्हणाली, कारण तोवर येशिहारेगनं सकाळच्या फोनपासूनचं सगळं, बाहीच्या वाऱ्यासकट, एका दमात सांगून टाकलं होतं.

ती भिंतीला टेकून खाली बसली. उजवा हात झोळीत होता आणि डाव्यानं जेवायची रीत नाही, तेव्हा ताट समोर आलं तरी ती नुसती बघत राहिली. फिकिर्ते तिच्यासमोर मांडी घालून बसली. इंजेराचा तुकडा तोडला, वाटाण्याच्या आमटीत फिरवला, सरळ, लांब, निरोगी बोटांनी गोळा केला आणि वर उचलला.

"ऐझोश, एमाये," ती म्हणाली.

येशिहारेगनं तो शब्द परत जाऊ दिला नाही. तोंड उघडलं. घास मोठा होता, गरम होता, आणि तो गिळून होतो न होतो तोच, वैर नको म्हणून, दुसरा समोर आला. तो हनुवटीवर सांडला.